गव्हाचे कोडे सोडवणारे डॉक्टर



आज सकाळी शाळेला येताना तुम्ही काय खाऊन आलात? कोणी चहाबरोबर पाव खाल्ला असेल, कोणी चपाती-भाजी, तर कोणी रात्रीचा उरलेला पराठा. हे सगळे पदार्थ गव्हाचे. गव्हाने पोट भरते, अंगात ताकद येते. गव्हाची रोटी कोणाला आजारी पाडत असेल, हे आपल्या मनातसुद्धा येत नाही. पण जगात असे पुष्कळ लोक आहेत, की ज्यांना गहू मुळीच सोसत नाही. त्यांना जो आजार होतो, त्याला सीलिॲक असे म्हणतात. पोट या अर्थाच्या एका जुन्या ग्रीक शब्दावरून हे नाव पडले आहे.

हा आजार मोठ्या माणसांनाही होतो. पण पूर्वी तो मुख्यतः लहान मुलांचाच आजार समजला जात असे. बाळ आईच्या दुधावर असते, तोवर चांगले हसते-खेळते. मग त्याला वरचे अन्न सुरू होते. पेज, बिस्किट, पाव त्याच्या पोटात जाऊ लागतात. काही महिन्यांत त्याचे पोट फुगते, हातपाय काड्यांसारखे होतात, जुलाब थांबत नाहीत. त्याची उंची वाढत नाही. ते किरकिरे होते, कोणाशी खेळत नाही. आई त्याला अधिक खाऊ घालते, आणि ते अधिकच खंगत जाते. अशी कितीतरी मुले पूर्वी दगावत असत. आपले लेकरू खाऊनपिऊन का सुकते, हे आईबापांना कळत नसे, आणि डॉक्टरांनाही कळत नसे.

हे कोडे ज्यांनी सोडवले, त्या डॉक्टर विलेम कारेल डिके यांची ही हकीकत आहे.

डॉ. डिके यांच्या आधीही काही डॉक्टरांनी या आजाराचा विचार केला होता. १८८८ मध्ये लंडनचे डॉ. सॅम्युअल जी यांनी या आजाराचे नीट वर्णन लिहिले. हा आजार बरा झालाच, तर तो आहारानेच होईल, हे त्यांनी ओळखले होते. त्यांनी निरनिराळे पदार्थ देऊन पाहिले. एका मुलाला रोज हॉलंडचे उत्तम शिंपले खायला दिले, तेव्हा तो चांगला सुधारला. पण शिंपल्यांचा हंगाम संपला आणि मूल पुन्हा आजारी पडले. पुढच्या हंगामात तर ते शिंपल्यांना तोंडही लावेना! पुढे १९२४ मध्ये न्यूयॉर्कचे डॉ. सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुचवला. त्या आहारात पाव आणि धान्ये नव्हती. मुले सुधारू लागली. सर्वांना वाटले, की केळ्यातच औषध आहे. मुलांच्या पोटात काय गेले, याकडे सर्वांचे लक्ष होते. काय गेले नाही, याकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही.

विलेम डिके यांचा जन्म ११ फेब्रुवारी १९०५ रोजी हॉलंडमधील डॉर्ड्रेख्त या गावी झाला. हॉलंड या देशाला नेदरलँड्स असेही म्हणतात. १९२२ ते १९२९ या काळात त्यांनी लायडन येथील प्रसिद्ध विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेतले. नंतर हेग शहरातील जुलियाना बालरुग्णालयात राहून ते मुलांच्या आजारांचे तज्ज्ञ झाले. त्यांचे काम पाहून १९३६ मध्ये त्याच रुग्णालयाची सारी जबाबदारी त्यांच्यावर सोपवण्यात आली. त्या वेळी त्यांचे वय अवघे ३१ वर्षांचे होते.

याच काळात एक लहानशी घटना घडली. एका आईने त्यांना आपल्या आजारी लेकराची हकीकत सांगितली. या लेकराला सीलिॲक होता आणि त्याच्या अंगावर पुरळही उठत असे. जेवणातला पाव बंद केला, की पुरळ लवकर कमी होते, असे तिच्या ध्यानात आले होते. ती काही शिकलेली डॉक्टर नव्हती. पण ती आपल्या लेकराला रोज डोळ्यांसमोर पाहत होती.

मुलांनो, इथे जरा थांबा आणि विचार करा. एवढ्या मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तिचे बोलणे हसण्यावारी नेले असते, तर काय झाले असते? पाव तर सगळेच खातात, त्याने कोणी आजारी पडते का, असे म्हणून त्यांनी तिला परत पाठवले असते, तर? डॉ. डिके यांनी तसे केले नाही. त्यांनी तिचे बोलणे मनात ठेवले. पण त्यावर लगेच आंधळा विश्वासही ठेवला नाही. ते खरे आहे की नाही, हे तपासून पाहायचे त्यांनी ठरवले.

रुग्णालयातील मुलांच्या आहारातून त्यांनी गहू काढून पाहिला. मुले सुधारली. पण ती दुसऱ्याच एखाद्या कारणाने सुधारली नसतील कशावरून? म्हणून मुलांच्या वजनाची आणि उंचीची नोंद ठेवून त्यांनी वर्षानुवर्षे निरीक्षण केले. १९४१ मध्ये त्यांनी हॉलंडच्या वैद्यकीय नियतकालिकात एक लेख लिहिला. तो काळ दुसऱ्या महायुद्धाचा होता. १९४० पासून हॉलंड जर्मनीच्या ताब्यात होता. परदेशातून केळी येणे बंद झाले होते. मग सीलिॲकच्या मुलांना खायला काय द्यावे? डॉ. डिके यांनी आपल्या लेखात साधा आहार सुचवला. मुलांना पाव आणि टोस्ट देऊ नयेत; दोन वेळा गरम जेवण द्यावे; तिसऱ्या वेळी गव्हाचे पीठ न घातलेली लापशी द्यावी. किती साधी गोष्ट! त्यासाठी ना महाग औषध लागत होते, ना परदेशी फळ.

युद्धाच्या शेवटी हॉलंडवर मोठे संकट आले. १९४४ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने पश्चिम हॉलंडकडे जाणारे अन्न अडवले. हेग, ॲम्स्टरडॅम यांसारख्या शहरांत भयंकर दुष्काळ पडला. लोक ट्यूलिप या फुलझाडाचे कांदे उकडून खाऊ लागले. सुमारे वीस हजार माणसे मरण पावली. या दुष्काळाला हॉलंडचे लोक भुकेचा हिवाळा असे म्हणतात. या दिवसांत पाव फार दुर्मीळ झाला होता. सगळी मुले अशक्त होत असताना सीलिॲकची मुले मात्र तुलनेने बरी होती, आणि बाहेरून मदत म्हणून पाव आला तेव्हा तीच मुले पुन्हा आजारी पडली, अशी हकीकत सांगितली जाते. काही लोक तर म्हणतात, की डॉ. डिके यांना सारी कल्पना या दुष्काळामुळेच सुचली. पण ते बरोबर नाही. त्यांचा लेख १९४१ सालचा आहे, हे तुम्ही आत्ताच वाचले. दुष्काळाने त्यांच्या विचाराला फक्त आणखी बळ दिले.

युद्ध संपले. आता जगासमोर पुरावा ठेवायचा होता. या कामात त्यांना दोन चांगले साथीदार मिळाले. डॉ. वेयर्स हे मुलांचे डॉक्टर होते आणि यान व्हान डे कामर हे रसायनशास्त्रज्ञ होते. अन्नातील चरबी पचली नाही, तर ती मळावाटे बाहेर जाते. ती किती बाहेर गेली, हे मोजण्याची चांगली पद्धत व्हान डे कामर यांनी तयार केली. आता अंदाजाची गरज उरली नाही. मुलाला गहू दिला, की न पचलेली चरबी वाढे. गहू बंद केला, की ती कमी होई. पुन्हा गहू दिला, की पुन्हा वाढे. तांदूळ, मका आणि बटाटा दिल्यावर असे काही होत नसे. १९५० मध्ये डॉ. डिके यांनी हे सारे संशोधन एका प्रबंधात मांडले. त्या प्रबंधाबद्दल उत्रेख्त विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली.

गव्हातील नेमकी कोणती वस्तू दोषी आहे, हेही लवकरच कळले. तुम्ही घरी एक प्रयोग करून पाहा. कणकेचा एक गोळा घ्या आणि तो पाण्याखाली हळूहळू मळत राहा. पांढरे पाणी निघून जाईल. तो गव्हातला स्टार्च होय. शेवटी हातात रबरासारखा चिवट गोळा राहील. त्याला ग्लुटेन म्हणतात. ग्लुटेन हे गव्हातील प्रथिन आहे. त्याच्यामुळेच चपाती लाटताना तुटत नाही आणि पाव फुगतो. १९५२ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनीही तपासून पाहिले. स्टार्चने मुलांना त्रास होत नव्हता, ग्लुटेनने होत होता. डॉ. डिके आणि त्यांच्या साथीदारांनी १९५३ मध्ये हीच गोष्ट प्रसिद्ध केली. गव्हाप्रमाणेच राय आणि जव या धान्यांतील प्रथिनेही या रुग्णांना सोसत नाहीत.

१९५७ मध्ये डॉ. डिके उत्रेख्त येथे प्राध्यापक झाले आणि तेथील विल्हेल्मिना बालरुग्णालयाचे प्रमुख झाले. पण त्यांना फार आयुष्य लाभले नाही. १९६२ मध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आज जगभर सीलिॲकच्या रुग्णांना गहू, राय आणि जव नसलेला आहारच दिला जातो. या आजारावर आजही हाच मुख्य इलाज आहे.

डॉ. डिके गेले, पण एक प्रश्न मागे राहिला. एकाच घरात, एकाच ताटात जेवणाऱ्या दोन भावांपैकी एकालाच गहू का बाधतो? दुसऱ्याला का नाही? आणि एका मुलाला हा आजार असेल, तर त्याच्या घरात दुसऱ्या कोणाला तो असण्याचा संभव इतरांपेक्षा जास्त का असतो?

याचे उत्तर आपल्या जनुकांत आहे. आपला रंग, उंची, डोळे यांचा वारसा आपल्याला आईवडिलांकडून मिळतो, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. हा वारसा ज्यांतून येतो, ती जनुके. प्रत्येक जनुकाच्या जोडीतील एक आईकडून आणि एक वडिलांकडून येते. काही जनुके आपल्या प्रतिकारशक्तीसाठी काम करतात. त्यांतील एका मोठ्या गटाला एच.एल.ए. असे म्हणतात. ही जनुके सहाव्या गुणसूत्रावर असतात.

एच.एल.ए. काय करते, ते एका उदाहरणाने पाहू. आपल्या शरीरात पहारा देणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात. शरीरात आलेल्या प्रथिनांचे बारीक तुकडे एका तबकात ठेवून या पहारेकऱ्यांना दाखवले जातात. तुकडा शत्रूचा वाटला, तर पहारेकरी लढाई सुरू करतात. एच.एल.ए. म्हणजे हे तबक. प्रत्येक माणसाच्या तबकांचा आकार थोडा वेगळा असतो, आणि तो आईवडिलांकडून मिळालेल्या जनुकांवर अवलंबून असतो. ग्लुटेन पूर्णपणे पचत नाही. त्याचे काही लांब तुकडे आतड्यात शिल्लक राहतात. आपल्या शरीरातील एक द्रव्य या तुकड्यांत थोडासा बदल करते. बदललेले तुकडे डीक्यू-२ आणि डीक्यू-८ या दोन प्रकारच्या तबकांत अगदी घट्ट बसतात. ते पाहून काही लोकांचे पहारेकरी फसतात. अन्नालाच शत्रू समजून ते लढू लागतात, आणि या लढाईत नुकसान होते ते आपल्याच आतड्याचे.

टॉवेलावर जसे बारीक धागे उभे असतात, तसे आतड्याच्या आतल्या बाजूला बारीक उंचवटे असतात. अन्नातील सत्त्व ते शोषून घेतात. सीलिॲकमध्ये हे उंचवटे सपाट होतात. मग मूल कितीही जेवले, तरी अन्न अंगी लागत नाही. गहू बंद केला, की हे उंचवटे हळूहळू पुन्हा वाढतात.

हे सारे शोधायला अनेकांची मेहनत लागली. या आजाराचा एच.एल.ए. जनुकांशी संबंध आहे, हे १९७२ मध्ये समजले. १९८९ मध्ये नॉर्वेतील ओस्लोच्या लुडविग सोलिड आणि त्यांच्या साथीदारांनी डीक्यू-२ चे नेमके स्वरूप दाखवले. ग्लुटेनमध्ये बदल करणारे द्रव्य या आजारात महत्त्वाचे आहे, हे १९९७ मध्ये बर्लिनमध्ये समोर आले. ते द्रव्य ग्लुटेनच्या तुकड्यांत काय बदल करते, हे १९९८ मध्ये ओस्लो आणि लायडन येथील संशोधकांनी दाखवले. हे लायडन म्हणजे डॉ. डिके जेथे शिकले, तेच शहर.

आता एक महत्त्वाची गोष्ट नीट लक्षात घ्या. सीलिॲकच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे नव्वदांमध्ये डीक्यू-२ असते. उरलेल्यांपैकी बहुतेकांमध्ये डीक्यू-८ असते. मग ज्याच्याकडे हे जनुक आहे, त्याला आजार होणारच का? नाही. युरोपात शंभरांतील तीस ते चाळीस माणसांकडे ही जनुके असतात, पण आजार होतो सुमारे एकाला. रुग्णाच्या आईवडिलांत, भावंडांत किंवा मुलांत हे प्रमाण सुमारे दहात एक असते. जुळ्या भावंडांपैकी काहींची जनुके अगदी सारखी असतात. अशा जोडीतील एकाला आजार असेल, तर दुसऱ्याला तो चारपैकी सुमारे तीन वेळा होतो. चौथ्या वेळी होत नाही. म्हणजे जनुक हा फक्त संभव आहे, निकाल नव्हे. उलट ही दोन्ही जनुके नसतील, तर हा आजार जवळजवळ होतच नाही.

आपल्या देशातही याचे चांगले उदाहरण आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातील लोकांची तपासणी केली होती. ही जनुके बाळगणाऱ्यांचे प्रमाण तिन्ही भागांत फारसे वेगळे नव्हते. पण सीलिॲकचे रुग्ण उत्तरेत शंभरात सुमारे एक होते, तर दक्षिणेत हजारात सुमारे एक. उत्तरेत रोजचे अन्न गव्हाचे, तर दक्षिणेत तांदळाचे. वारसा सारखा असला, तरी ताटात काय आहे, यानेही फरक पडतो.

म्हणून मुलांनो, एखाद्या घरात असे मूल असेल, तर कोणालाही दोष देऊ नका. कित्येकदा लोक आईला बोल लावतात, की तिला मूल सांभाळता येत नाही. कधी घरचे लोक मुलीचा आजार लपवून ठेवतात आणि तिला सर्वांबरोबर तीच रोटी खायला लावतात. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. जनुके कोणी निवडून घेत नाही. ती आईकडून येतात, तशीच वडिलांकडूनही येतात. आजार लपवल्याने वाढतो; तो ओळखला, तर मूल इतरांसारखेच वाढते, शिकते आणि खेळते. ज्वारी, बाजरी, नाचणी यांची भाकरी, भात, मका, डाळी, भाज्या, फळे, दूध, अंडी, मासे आणि मटण असे कितीतरी पदार्थ अशा मुलांना चालतात. फक्त त्यांच्या पिठात गव्हाचे पीठ मिसळता कामा नये. सणाच्या दिवशी तुमच्या अशा मित्राने शेवया खाल्ल्या नाहीत, तर त्याला आग्रह करू नका. त्याच्यासाठी तांदळाची खीर किंवा खजूर पुढे करा.

आणखी एक सांगतो. पोट दुखले म्हणून आपल्या मनाने गहू बंद करू नका. गहू बंद केल्यावर केलेल्या तपासणीत आजार दिसेनासा होऊ शकतो. आधी डॉक्टरांकडे जा. रक्ताची तपासणी आणि गरज असेल तर आतड्याची तपासणी करूनच ते निदान करतात.

डॉ. डिके यांनी कोणतेही नवे औषध तयार केले नाही. एका आईचे बोलणे त्यांनी लक्ष देऊन ऐकले, आणि ते खरे की खोटे हे ठरवण्यासाठी अनेक वर्षे धीराने मेहनत केली. त्या आईचे नाव आज आपल्याला माहीत नाही. पण तिचे निरीक्षण आणि डॉक्टरांची चिकाटी यांमुळे जगातील असंख्य मुलांचे प्राण वाचले. तुम्हीही डोळे उघडे ठेवून पाहायला शिका, दुसऱ्याचे बोलणे ऐकायला शिका आणि ऐकलेले तपासून पाहायला शिका.

शब्दार्थ

खंगणे – अशक्त होत जाणे
दगावणे – मरण पावणे
पुरळ – अंगावर उठणारे बारीक फोड
हसण्यावारी नेणे – महत्त्व न देणे
प्रबंध – संशोधनावर लिहिलेला मोठा लेख
चिवट – सहज न तुटणारा
तबक – ताट, थाळी
सत्त्व – अन्नातील पोषण देणारा भाग
बोल लावणे – दोष देणे
निदान – आजार कोणता आहे हे ओळखणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) विलेम डिके यांचा जन्म कोठे झाला?
(आ) आईने डॉ. डिके यांना कोणती गोष्ट सांगितली?
(इ) गव्हातील कोणत्या प्रथिनामुळे सीलिॲकच्या रुग्णांना त्रास होतो?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) डॉ. डिके यांना दुष्काळामुळेच कल्पना सुचली, हे म्हणणे बरोबर का नाही?
(आ) जनुक हा फक्त संभव आहे, निकाल नव्हे, हे पाठातील दोन उदाहरणे देऊन सांगा.

३. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा.
हकीकत, वारसा, मेहनत, इलाज

४. तुमच्या घरी गव्हाशिवाय कोणकोणते पदार्थ होतात? आईला किंवा आजीला विचारून यादी करा आणि वर्गात वाचून दाखवा.